अहो, घंटा नको!

शाल्मलीनं चिठ्ठी उघडली. ‘मॅच’. सगळी बाराखडी सोडून नेमका म!

चामराजपेटेत गंगव्वाअक्कांकडे दर रविवारी मराठी मंडळी जमत. पुढच्या रविवारचा खेळ ठरला होता. चिठ्ठीत येईल त्या इंग्रजी शब्दाचं कूळ पाच मिनिटांत सांगायचं; वेळ संपली की घंटा. शाल्मली लहानपणापासून बोलताना अडखळायची आणि म तर तिचा हाडवैरी. ती अडली की समोरचा घाईघाईनं तिचा शब्द पुरा करून टाकी. त्या उपकारांचीच तिला धास्ती होती.

“बदलायचीय?” घंटा सांभाळणाऱ्या मुकुलनं विचारलं. आज पहिल्यांदाच भेटत होते दोघं. “माझा ‘रन’ घ्या. अर्थ मोजतानाच दम लागेल!”

“म... म...”

तो थांबला. अगदी निवांत.

“...मीच बोलेन.”

बोलून तर गेली! मग आठवडाभर झोप उडाली. मुकुल रोज संध्याकाळी यशवंतपूरला कॉफीवर भेटून उजळणी घ्यायचा.

“काडीपेटीतला मॅच आला दिव्याच्या वातीवरून,” ती सांगे. “जोडीतला वेगळा. त्याचा जुना अर्थ सोबती.”

“म्हणजे दोघं नात्यातले नाहीत? बरंय... लग्नाला हरकत नाही!”

ती लाजली. “अहो, क-कॉफी निवतेय.”

नाव म वरून, म्हणून ती त्याला नुसतं ‘अहो’ म्हणायची. शनिवारी ते अक्कांच्या कानावर पडलं. “स्वल्प घाईच झाली की गं, नवऱ्यासारखं अहो!” अक्का हसल्या. खरं कारण सांगायची शाल्मलीला भीती वाटली. त्याला कीव आली तर?

रविवारी वीस जोडी डोळे तिच्यावर.

“म... म...”

“मॅच!” मागून कुणीतरी पुरवलंच. दार चार पावलांवर होतं. पळावंसं वाटलं. तेवढ्यात मुकुल दिसला. घंटेचा लोळा त्यानं मुठीत गच्च धरला होता.

ती बोलली. अडखळत, पण शेवटपर्यंत. नऊ मिनिटं झाली तरी घंटा वाजली नाही.

जिन्यात त्यानं गाठलंच. “सगळ्यांना नावानं हाक मारता. मलाच अहो का?”

हे तर तिला भाषणाहून अवघड होतं. “नाव अ-अडतं. तुम्हाला कीव येईल म्हणून...”

“आज घेऊन बघा. मी थांबतो.”

म ओठांवर आला. या वेळी तिनं तो मुद्दामच अडवला.

“नाव घ्यायला उ-उखाणा लागतो,” ती खाली बघत म्हणाली. “आणि तो... हार घातल्यावर घेतात.”

मुकुलच्या हातून घंटा निसटली आणि खणखणत पायऱ्या उतरत गेली.

“वेळ संपली काय रे?” वरून अक्का ओरडल्या.

“न... ना...” मुकुलला शब्दच फुटेना.

शाल्मलीनं त्याचा शब्द पुरा केला नाही. ती थांबली.