मल्लम्माच्या बाप्तिस्म्याचं पाणी

लातूर जिल्हा वेगळा होऊन चार वर्षं होत आली होती. कचेरी नवी, शिक्के नवे, साहेबही नवे. पावसाला मात्र या बदलाचं परिपत्रक मिळालेलं नसावं. तो कुठल्याच जिल्ह्यात हजर झाला नव्हता.

शिवगंगा हिरेमठ यांची कचेरी एका डाळ मिलच्या माडीवर होती. दारावर 'खाजगी चौकशी' अशी पाटी. चौकशी बहुतेक नवरदेवांची असे. मुंबईत इंजिनिअर म्हणून सांगितलेला मुलगा तिथे नक्की काय करतो, हे शिवगंगाबाई आठवड्याभरात शोधून काढत आणि मुलीच्या बापाचे डोळे उघडत. त्यांचा मावसभाऊ मडिवाळप्पा सहकारी बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांची फियाट चालवायचा आणि तर्क लढवायचा. फियाट बरी चालायची.

शनिवारी सकाळी कवळेगावच्या चर्चचे पाळक शांतवन आले. कवळेगाव उदगीरच्या पुढे, देगलूरच्या वाटेवर. त्यांच्याबरोबर पाटावर मावेल एवढी एक म्हातारी होती.

"बाई, चोरी झाली आहे," पाळक म्हणाले.

"काय गेलं?"

"पाणी."

मडिवाळप्पानं कान टवकारले. त्या उन्हाळ्यात सोनं चोरणाऱ्याला लोक वेडा म्हणाले असते.

"आमच्या चर्चमध्ये व्यासपीठाखाली बाप्तिस्म्याचा हौद आहे. उद्या ईस्टर, पुनरुत्थानाचा रविवार. गुरुवारी संध्याकाळी हौद छातीभर भरलेला मी स्वतः पाहिला, फळ्या झाकल्या, कुलूप लावलं. काल सकाळी उघडलं तर तळ कोरडा. कुलूप जसंच्या तसं, किल्ली माझ्या उशाशी, खिडक्यांना गज. फरशीवर ओलीचा डागसुद्धा नाही."

"तांब्याभर पाणी शिंपडून भागवता येत नाही का?" मडिवाळप्पानं सुचवलं.

नवरदेवाऐवजी त्याचा फोटो उभा केला तर चालेल का, असं कुणी विचारावं तसे पाळक त्याच्याकडे बघत राहिले. "आम्ही बाप्तिस्ट, साहेब. आम्ही शिंपडत नाही आणि तान्ह्या मुलांनाही देत नाही. माणूस जाणता होतो, आपल्या तोंडानं विश्वास कबूल करतो आणि मग सगळाच्या सगळा पाण्याखाली जातो."

"उद्या कितीजण आहेत?" शिवगंगाबाईंनी विचारलं.

"येकच," म्हातारी म्हणाली. "मी."

तिचं नाव मल्लम्मा. जन्मापासून ती त्याच चर्चमध्ये जात होती, झाडत होती, गात होती. फक्त बाप्तिस्मा तेवढा राहिला होता.

"इतकी वर्षं का थांबलात, आजी?"

"नणंदेला माफ करणं जमंना. अन् मनात आडी ठिवून पाण्यात उतरायचं म्हंजे लबाडी. औंदा ती मेली. आता जमलं."

"आणि पावसाळ्यापर्यंत थांबलं तर?"

मल्लम्मानं छातीवर हात ठेवला. "उदगीरच्या डाक्टरनं नातवाला बाहीर नेऊन सांगितलं. त्याला वाटलं तो हळू बोलला, पर मी ऐकलं. मला उद्याच पायजे, बाई."

शिवगंगाबाई उठल्या. "मडिवाळ, गाडी काढ."

कवळेगावचं चर्च उंचवट्यावर होतं. काळ्या दगडाचं, बसकं, मजबूत. मागच्या शतकाच्या शेवटी मोठा दुष्काळ पडला, तेव्हा एका अमेरिकन मिशनऱ्यानं आणि वस्तीतल्या उपाशी माणसांनी ते बांधलं होतं. दगड फोडणारे लोक दिवसा सडकेची खडी फोडायचे आणि उरलेल्या ताकदीनं चर्चची. मल्लम्माचा आजा त्यांतलाच. मडिवाळप्पानं भिंतीवर हात फिरवला. त्याच्या बँकेची इमारत बारा वर्षांत गळायला लागली होती.

पाळकांनी व्यासपीठाच्या फळ्या काढल्या. खाली दोन्ही बाजूंनी पायऱ्या असलेला घडीव हौद. एकही तडा नाही. तळाच्या कोपऱ्यात लोखंडी जाळी.

"ही काय?"

"जुनी मोरी असावी. बुजलेली आहे. महिनाभर पाणी थोडं थोडं भरत होतो, टिपूससुद्धा हललं नाही."

"दुसरं तोंड कुठं निघतं?"

"कुणी पाहिलं नाही. नदीला पाणी होतं तोवर बाप्तिस्मे नदीत व्हायचे. हौद चाळीसेक वर्षं फळ्यांखालीच होता. औंदा नदीत वाळूच राहिली, म्हणून उघडला."

"आणि भरला कुणी?"

"वस्तीनं. टँकरच्या वाट्यातनं घराघरानं घागर दिली. अख्ख्या वस्तीनं, एका म्हातारीसाठी. काही घरांत महिनाभर पोरांना आंघोळ नव्हती."

मडिवाळप्पानं काढलेल्या फळ्या एकेक करून नीट रचून ठेवल्या.

वस्तीचा संशय टँकरवाल्या नासिरवर होता. तो बाभळीखाली चाक बदलत होता.

"बाई, लोक म्हणून राहिले की मी नळी लावून पाणी ओढलं. कुलूप लावलेल्या चर्चात नळी घालायला मी काय जादूगार आहे? अन् रात्री टँकर सरकारी आवारात असतो. पहारेकरी मला एवढा जीव लावतो की लघवीलाबी विचारून जावं लागतं."

"पाणी कुठलं आणतोस?"

"मांजरेचं. धरणाचं."

"चर्चमागच्या गल्लीतही देतोस?"

"न्हाई. गल्लीला हातपंप हाय, टँकर फक्त वस्तीला. हौदासाठी टाकीच्या तळचं उरलेलं मीबी सोडायचो. मल्लम्मानं मला लहानपणी लई हाणलंय. तेवढं नातं झालंच की."

परत येताना मडिवाळप्पा म्हणाला, "अक्का, हाच. फार गोड बोलतो."

"तू पण गोड बोलतोस. तुझ्याकडून काय चोरी होते?"

चर्चच्या मागच्या भिंतीला लागून धान्याचे अडत्ये सिद्रामप्पा यांचं परसू होतं. तिथे बरीच खाली, पायऱ्यांची जुनी विहीर. दोन वर्षं ती ठणठणीत कोरडी होती. आज तिच्या कठड्याला आंब्याचं तोरण होतं आणि गल्लीतल्या बायकांची रांग लागली होती.

"या, या!" सिद्रामप्पांनी स्वागत केलं. "गंगा आली! पंचाक्षरी पाणाड्यांनी आणली. गुरुवारी तिन्हीसांजेला आत उतरून एकट्यानं पूजा केली. वरून गोणपाटाचा पडदा. कुणी बघायचं न्हाई. पहाटे बघतो तर मांडीभर पाणी! म्हटलं, गल्लीनं फुकट न्यावं. पुण्य हाय." मग त्यांनी भिंतीपलीकडे हनुवटी उडवली. "तिकडचं ऐकलं. लोकांना प्यायला न्हाई अन् ह्यांना बुडायला पायजे."

"वस्तीतल्या बायकाही नेतात का पाणी?"

सिद्रामप्पांनी पागोटं सारखं केलं. "त्यांचा रिवाज न्हाई इथं यायचा."

"कुणी पाडला रिवाज?"

"हायच तो आपला. पहिल्यापासनं."

शिवगंगाबाई विहिरीत वाकल्या. मडिवाळप्पाही वाकला. पाणी काचेसारखं नितळ होतं. तळाशी भाविकांनी टाकलेली नाणी दिसत होती आणि वरवंट्यासारखा एक गोल दगड. चर्चच्या बाजूच्या भिंतीत, पाण्याच्या बऱ्याच वर, हिरव्या खणानं झाकलेला एक कोनाडा होता. त्यावर नारळांची माळ.

"काल होतं तेवढंच आहे पाणी?"

"जरासं उतरलंय. बायका भरतात न्हवं?"

"रात्री परत चढलं नाही?"

"रात्री गंगाबी इसावा घेती की."

सिद्रामप्पांच्या घरच्या गौरम्मांनी पाहुण्यांना जेवल्याशिवाय सोडलं नाही. मडिवाळप्पाची त्याला हरकत नव्हती. डाळ लोण्यासारखी उतरली होती.

"सोडा घातला का हो?" शिवगंगाबाईंनी विचारलं.

"थेंबभर न्हाई!" गौरम्मा फुलल्या. "हातपंपाच्या खाऱ्या पाण्यात सोडा घातला तरी डाळ दाणादाणा राहती. ह्यांच्या आजोबांपासनं ह्या आवारातल्या पाण्यात डाळ शिजली न्हाई म्हणतात. कालपासनं मात्र एका उकळीत!"

शिवगंगाबाईंनी आणखी एक वाटी डाळ मागून घेतली. त्या कधीच दुसऱ्यांदा वाढून घेत नसत. मडिवाळप्पानं एवढं टिपलं, पण त्याचं काय करायचं ते त्याला कळलं नाही.

पंचाक्षरी पाणाडे, जमिनीतलं पाणी हुडकून देणारे, ओट्यावर पान जमवत बसले होते. पांढरं धोतर, कपाळभर विभूती, मांडीवर कडुलिंबाची दुबेळकी फांदी. भोवती तीन गावची माणसं विहिरी दाखवण्यासाठी थांबली होती.

"गौरम्मा सांगत होत्या, गेल्या हिवाळ्यात तुम्हीच या विहिरीत उतरून ती मेली म्हणाला होतात ना?" शिवगंगाबाईंनी विचारलं.

"तवा मेलीच होती. गंगा येती, गंगा जाती."

"मग मत कधी बदललं?"

"हे काय, ह्या महिन्याभरात. काडी वळली. परत उतरलो."

"आणि तो कोनाडा?"

"गंगामाईचं ठाणं. हात लावायचा न्हाई. कोप हुईल."

शिवगंगाबाईंनी नमस्कार केला आणि मडिवाळप्पाला बाजूला घेतलं. "पाळकांना सांग, बादलीभर पाण्यात वाटीभर हळद कालवा. संध्याकाळी मी रुमाल हलवला की हौदातल्या जाळीवर ओता."

"हळद? अक्का, ते ख्रिस्ती आहेत."

"हळद नाही."

उन्हं उतरताना विहिरीभोवती गल्ली जमली. कठड्यापासून लांब, आपापल्या अंदाजानं, वस्तीही उभी राहिली. पुढे मल्लम्मा. शिवगंगाबाई पायरीवर उभ्या होत्या.

"सिद्रामप्पा, तुमच्या विहिरीचं पाणी सुरेख आहे. फार सुरेख, तिथंच घोडं पेंड खातं. नवा झरा फुटला की चार दिवस पाणी गढूळ येतं. हे पहिल्या पहाटेपासून नितळ. झऱ्याचं पाणी उपसलं की रात्री परत चढतं. हे उतरलं ते उतरलं. आणि या आवारातल्या पाण्यात कधी डाळ शिजत नाही. ही लोण्यासारखी शिजली. म्हणजे हे पाणी या जमिनीतलं नाहीच. धरणाचं आहे. गावात धरणाचं पाणी फक्त टँकरनं येतं, आणि टँकर फक्त वस्तीला जातो."

"मग नासिरनंच..." मडिवाळप्पा पुढे सरसावला.

"थांब रे. सगळे विचारत होते, चोर कुलूपबंद चर्चमध्ये शिरला कसा. तो शिरलाच नाही. पाणी बाहेर आलं."

त्यांनी रुमाल हलवला. क्षणभर काहीच झालं नाही. मग कोनाड्यातला हिरवा खण ओला झाला, फुगला आणि त्याखालून पिवळी धार भिंतीवरून घरंगळत विहिरीत पडली.

"अक्का! हळद!" मडिवाळप्पा ओरडला. सगळ्यांना दिसत असलेली गोष्ट सांगण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

नासिरनं खाली उतरून खण ओढला. मागे दगडी नळाचं तोंड. मग त्यानं पाण्यात हात घालून तो वरवंट्यासारखा दगड वर आणला. तोंडात तो नेमका बसला. त्याच्या कडेला छिन्नीचे ताजे घाव होते.

"हा त्या मोरीचा दट्ट्या. मोरी बुजलेली नव्हती, या टोकाला बंद होती. हिवाळ्यात हौद रिकामा होता, तेव्हा भिंत कोरडी, विहीर मेलेली. या महिन्याभरात वस्ती हौद भरायला लागली आणि दट्ट्याभोवती ओल धरली. ती ओल बघायला विहिरीत उतरत होतं कोण? आणि गुरुवारी पडद्याआड एकटं बसलं होतं कोण? सिद्रामप्पा नव्हेत. पाणी वाढणार नाही हे ठाऊक असलेला माणूस गल्ली बोलावून फुकट वाटत नाही. पंचाक्षरींच्या विद्येत खोट काढता येणार नाही. पाणी कुठं आहे ते त्यांनी अचूक ओळखलं. कुणाचं आहे, एवढंच सांगायचं राहिलं."

पंचाक्षरी मागच्या मागे सरकत होते. तीन गावच्या माणसांनी त्यांना आदरानं मध्ये घेतलं.

"हिवाळ्यात खोटा पडलो होतो," ते पुटपुटले. "लोक हसत होते. वाटलं, पाणी त्यांच्याकडं नुसतं साठलंय..."

गल्लीनं दोन दिवस जे पाणी कपाळाला लावलं होतं, ते वस्तीच्या घागरींतलं होतं, हे आता एकेकाच्या ध्यानात येत होतं.

"म्हंजे आम्ही... ह्यांच्या..." एक म्हातारा अडखळला.

"हाव," मल्लम्मा म्हणाली. "आमच्याच घागरीतलं. गोड लागलं न्हवं? मंग झालं तर."

सिद्रामप्पा खाली बसले होते. शिवगंगाबाई त्यांच्याजवळ आल्या आणि आवाज उतरवून बोलल्या. "एक गोष्ट माझ्याही डोक्यात बसत नव्हती. त्या दुष्काळात कुणी आपलं पाणी शेजाऱ्याच्या विहिरीत जाईल असा नळ का बांधेल? आणि दट्ट्या शेजाऱ्याच्या बाजूला का ठेवेल? एकच कारण दिसतं. पाणी उसनं घेतलं असेल. इथून उपसून हौद भरायचा, बाप्तिस्मा झाला की शेजाऱ्यानं आपल्या हातानं दट्ट्या काढायचा आणि पाणी परत घ्यायचं."

सिद्रामप्पांनी मान वर केली. "आजा म्हणायचा... पाद्र्याला मी पाणी उसनं देत होतो म्हणून. आमचा बाप म्हणायचा, म्हातारा चळलाय."

"माणसं बुडून निघालेलं पाणी तुमच्या आजोबांना परत चालत होतं. बसवण्णांचं नाव तुम्हीही घेताच. रिवाज पहिल्यापासूनचा नाही, सिद्रामप्पा. मधेच कुणीतरी पाडलाय."

मग गौरम्मा आत गेल्या आणि डोक्यावर हंडा घेऊन बाहेर आल्या. "सकाळी भरलेलं हाय. शिजवून खाल्लं त्येचं काय करू, एवढंच सांगा," असं नवऱ्याला म्हणत त्या चर्चच्या वाटेला लागल्या. त्यांच्यामागे दोन बायका निघाल्या, मग आणखी काही. सगळी गल्ली निघाली असं नाही. काही दारं लागली आणि आतून कडी घातल्याचा आवाज मुद्दाम मोठा आला. सिद्रामप्पांनी धोतर खोचलं आणि वस्तीच्या पोरांकडे बघून ओरडले, "बघताय काय? खाली उतरा अन् दोर घ्या की!"

पोरं घटकाभर जागची हलली नाहीत. त्या विहिरीत त्यांनी कधी नजरसुद्धा टाकली नव्हती. मग मल्लम्मानं एकाच्या पाठीत धपाटा घातला.

रविवारी सकाळी हौद कमरेएवढाच भरला होता. पाळक चिंतेत होते. मल्लम्मानं आत डोकावून बघितलं. "मला पुरतंय. देवानं मापातच केलीय मला."

चर्च दारापर्यंत भरलं होतं. मागच्या भिंतीशी सिद्रामप्पा पागोटं काखेत धरून उभे होते. हातांचं काय करायचं हे त्यांना ठरवता येत नव्हतं. मल्लम्मा पांढऱ्या लुगड्यात एकेक पायरी उतरली. पाळकांनी विचारलं, "मल्लम्मा, येशू ख्रिस्तावर तुझा पूर्ण मनानं विश्वास आहे का?"

"हाय," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "जपून धर रं बाबा. दम कमी हाय."

पाळकांनी तिच्या पाठीखाली हात घातला. म्हातारी मागे रेलली आणि पाणी तिच्यावर मिटलं. मडिवाळप्पाला पाण्याखालून तिचा चेहरा दिसत होता. डोळे घट्ट मिटलेले, पोरीनं लपंडावात मिटावेत तसे. ती वर आली, ठसकली, हसली. मडिवाळप्पानं तेव्हा कुठे श्वास सोडला. आपणही तो रोखून धरला होता हे त्याला तोवर कळलं नव्हतं.