घरातलं सगळ्यात मऊ कापड

"वन्सं! हे झबलं कुणी कापलं...?"

भावजयीचा तो आवाज नव्हताच. घट्ट ताणलेलं कापड मधोमध फाटावं तसं काहीतरी त्या खोलीत टर्रकन फाटलं होतं! शेगडीवरचा चहा उतू जाऊन निखाऱ्यांवर चर्र झाला, तरी कुणी हललं नाही. जमिनीवर गोधडी पसरलेली होती, तिच्यावर खिडकीतून आलेलं थंडीतलं कोवळं ऊन होतं, आणि गोधडीच्या न शिवलेल्या कडेतून, दोन थरांच्या मधून भावजयीनं जे ओढून काढलं होतं, ते एक फिकट गुलाबी कापड होतं. कडेला पांढऱ्या रंगात छापलेलं बदक... अर्धंच. उरलेलं अर्धं कात्रीनं गिळलं होतं.

आक्का सुई हातात धरून तशीच बसून राहिली. तिला गुलाबी दिसलं नाही की बदक दिसलं नाही. तिला फक्त 'झबलं' हा शब्द ऐकू आला, आणि क्षणार्धात सगळं कळलं... अरे देवा! आपण हे काय करून बसलो!

आक्का म्हणजे या घरातली थोरली. आईबाप गेले तेव्हा धाकट्या भावाचे दुधाचे दातही पडले नव्हते. लहानपणी सदऱ्याची गुंडी गिळून त्यानं घरादाराच्या तोंडचं पाणी पळवलं होतं, म्हणून तो गुंड्या, आणि कारखान्यात फिटर झाला तरी घरात गुंड्याच. त्याला वाढवायचं म्हणून आक्कानं स्वतःचं लग्न केलं नाही. जुनी लुगडी, धोतरं, चादरी गोळा करायची, गोधड्या शिवायच्या, आणि त्यावर त्याची शाळा, त्याचं लग्न, सगळं निभावायचं. लोक म्हणत, देवीच आहे हो! म्हणणारच. बाईला एकदा देवी म्हटलं की तिचे डोळे तपासायला न्यावे लागत नाहीत.

डोळे जात होते, ते कुणाला कळलं नव्हतं. आधी कडा गेल्या, जसं धुकं खिडकीच्या काचेवर कोपऱ्यांपासून चढतं. ती डॉक्टरकडे जाणार होतीच. पण तेवढ्यात गुंड्याची चिमणी आजारी पडली. दीड वर्षाची पोर, तापानं फणफणलेली, आत्याच्या मांडीवरून खाली उतरायला तयार नव्हती. मग कसला डॉक्टर नि कसलं काय! गेल्या थंडीत चिमणी याच खोलीत गेली. त्यानंतर आक्का एकटीच भिंत धरत दवाखान्यात गेली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, आणि उरलेलीही आता राहायची नाही. फार उशीर केलात बाई. आक्का म्हणाली, बरं. आणि घरी येऊन तिनं स्वयंपाक केला.

हे ऐकून कुणी विचारील की घरातल्या माणसांना कळत कसं नाही? अहो, घरातल्या बाईकडे बघतं कोण! चहा वेळेवर हातात आला की तिला डोळे आहेत असं समजायची रीत आहे. घराचा कानाकोपरा आक्काला पाठ होता. ऊन कुठं सरकलं ते ती पायाला लागणाऱ्या उबेवरून ओळखायची आणि गोधडी त्या बाजूला ओढायची. सुया ओवायला भावजयीला सांगायची, "तुझे डोळे तरुण, घाल बाई दोरा!" गुंड्या हसायचा. "आक्का आता आळशी झाली!" म्हणायचा. खरं काय ते फक्त खालच्या मजल्यावरच्या शिंपी मास्तरांना माहीत होतं, आणि त्यांना तिनं कुणाला न सांगण्याची शपथ घातली होती.

शपथ का? कारण चिमणी गेल्यापासून भावजय जिवंतपणी मेली होती. एकदा गच्चीच्या कठड्यावर उभी सापडली. मास्तरांनीच ओढून खाली आणली. डॉक्टरांनी गुंड्याला स्पष्ट बजावलं होतं, हिला या घरातून, या शहरातून हलवा, नाहीतर ही हातची जाईल. गुंड्याला दूरच्या कारखान्यात काम मिळालं. राहायला कामगारांची एक खोली, त्यात नवराबायको दोघंच मावणार, तिसऱ्या माणसाला परवानगी नाही. गुंड्या म्हणाला होता, "आक्का धडधाकट आहे म्हणून जातोय. तुला नुसतं काही झालं ना, तर त्या नोकरीला लाथ मारीन!" तो बोलला ते करणारा होता. म्हणजे आक्काचे डोळे उघडे पडले की तो थांबणार, तो थांबला की भावजय इथंच राहणार, आणि इथं राहिली की... त्यापुढचं आक्का मनातसुद्धा बोलत नसे.

म्हणून या थंडीत तिनं गोधडी शिवायला घेतली होती. शेवटची; दोघांना न्यायला. आणि काय दिवस होते ते! सकाळी शेगडी पेटायची, काचांवर धुकं, आत भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास, गोधडीच्या एका कडेला आक्का, दुसऱ्या कडेला भावजय, दोघींचे पाय एकाच गोधडीखाली उबेला. सुटीच्या दिवशी गुंड्याही टाके घालायला बसायचा आणि त्याचा टाका बघून मास्तर वरती येऊन म्हणायचे, "गुंड्याशेठ, हा टाका आहे की म्हशीनं ओढलेला नांगर? आक्काबाईंचा बघा! मशीन विकून चहाची टपरी टाकावीशी वाटते मला!" त्यावर एकदा भावजय हसली. वर्षभरात पहिल्यांदा... खुदकन. आक्काच्या हातातली सुई थांबली होती. त्या एका हसण्यासाठी तिनं आणखी दोन डोळे असते तर तेही दिले असते.

आक्काची शिवायची एक पद्धत होती. आतल्या थरात कापडं कशीही भरत नसे ती. पायांकडे जाडंभरडं, पोटाशी मध्यम, आणि जो भाग पांघरणाऱ्याच्या छातीवर येणार, तिथं घरातलं सगळ्यात मऊ कापड. डोळे होते तेव्हा ती ते बघून निवडायची. आता ती कापड गालाला लावून निवडत होती. भावजयीच्या छातीवर यायचा तो तुकडा शोधताना तिनं पेटीतली सारी बोचकी चाचपली, आणि एका बोचक्यात तिला असं काही मऊ लागलं की जणू सायच! कुणाचं जुनं उपरणं असेल, असं समजून तिनं कात्री चालवली. ते चिमणीचं झबलं होतं. भावजयीनं जपून, घडी घालून ठेवलेलं...

"बोल ना आक्का!" गुंड्या आता दारात उभा होता, बायकोचा आवाज ऐकून जिन्यावरून धावत आला होता. "चुकून झालं असेल. हो ना? चिंध्यांचं बोचकं समजून...?"

"चुकून कसं होईल?" भावजय म्हणाली. "चिंध्या काळ्या चादरीत बांधल्यात! माझं बोचकं पांढरं आहे. त्यावर शाईनं तिचं नाव लिहून ठेवलं होतं मी. आंधळ्याशिवाय अशी चूक कोण करील?"

गुंड्यानं आक्काकडे बघितलं. आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या आवाजात संशय आला... मायेचा संशय, जो सगळ्यात घातक!

"आक्का... तुझे डोळे तर...?"

"डोळ्यांना काय धाड भरलीय माझ्या!" आक्का कडाडली. तिनं सुई गोधडीत खुपसली. "मीच कापलं. जाणूनबुजून कापलं. वर्ष झालं, या घरात नुसती रडारड! गेलेलं पोर परत येतं का? म्हटलं, चिंध्यांत भर पडेल. तेवढीच ऊब तरी होईल!"

असं ती बोलली. त्या जिभेनं, जिनं चिमणीला अंगाई म्हटली होती.

भावजय ओरडली नाही. ते गुलाबी कापड तोंडाशी धरून ती आतल्या खोलीत गेली आणि दार लागलं.

"तू माझी आई होतीस गं," गुंड्या एवढंच म्हणाला. 'होतीस' म्हणाला. आक्कानं ऐकलं. सुरीचं पातं कुठून आत गेलं ते माणसाला नेमकं कळतं, तसं तिला कळलं.

त्यानंतर घर म्हणजे बर्फ. गुंड्यानं कारखान्यात सांगून निघायचा दिवस अलीकडे आणला. आक्कानं ठेवलेलं ताट तो बाजूला सारायचा. पण भावजय बांधाबांध करत होती, रागानं का होईना, ताठ उभी होती. रागही माणसाला कठड्यापासून लांब ठेवतो. आक्काच्या मनात येई, ठेवू दे. माझ्यावरच्या रागावर जगू दे पोरीला! आणि मग तोंडात पदर कोंबून ती रडे.

निघायच्या आदल्या दुपारी गुंड्या गाडी ठरवायला गेला होता. भावजय पाय न वाजवता बाहेरच्या खोलीत आली. कात्री घेऊन ती गोधडी उसवायला, लेकीचे तुकडे काढून न्यायला आली होती. पाहते तो आक्का तेच करत बसलेली! एकेक तुकडा थरांतून काढायची, गालाला लावायची, मान हलवायची, बाजूला ठेवायची. बोटांची टोकं सुईनं टोचून लाल झाली होती. भावजय तिच्यासमोर उभी राहिली, उजेडात, हातभर अंतरावर.

आक्कानं मान वर केली.

"मास्तर, आलात? जरा बघा हो, हे गुलाबी आहे का? मला मऊ लागतंय... तिचं तिला परत द्यायचंय, सगळं जमलं पाहिजे."

भावजयीच्या हातातली कात्री उचलली गेली. तिनं ती हळूच आक्काच्या डोळ्यांसमोरून फिरवली. पापणी लवली नाही.

"वन्सं..."

आक्काच्या हातातलं कापड गळून पडलं. "तू? कधीची उभी आहेस?"

"कधीपासून दिसत नाही तुम्हाला?" भावजयीनं विचारलं. "बोला ना! मी काय काय बोलले तुम्हाला... आणि तुम्ही मूग गिळून बसलात? जाणूनबुजून म्हणालात! का?"

"हळू बोल." आक्कानं अंदाजानं हात पुढं केला, आधी तो हवेतच चाचपडला, मग भावजयीनं धरला. "तुला छातीशी ऊब लागावी म्हणून सगळ्यात मऊ कापड शोधत होते गं. ते तिचं असेल हे मला कसं कळावं... चांडाळीण मी!"

"असं बोलू नका!" आणि मग त्या दोघी, ज्या वर्षभर एकाच दुःखाच्या दोन टोकांना बसल्या होत्या, गळ्यात गळा घालून रडल्या. बराच वेळ. शेगडी विझली तरी.

"ह्यांना सांगते मी," डोळे पुसत भावजय म्हणाली. "आपण नाही जायचं कुठं. मी इथंच राहीन. तुम्हाला सांभाळीन."

"खबरदार!" आक्कानं तिची मनगटं आवळली. "इथं राहिलीस तर मरशील तू. खोटं बोल बघू, की नाही मरणार म्हणून. बोल!"

भावजयीला खोटं बोलता आलं नाही.

"बघ. म्हणून जा. आणि ऐक, जाताना माझ्याशी गोड बोलू नकोस. तो शहाणा आहे, लगेच ओळखेल. चार शिव्या दे मला."

"नाही जमणार, वन्सं."

"जमव! आजवर घरात मी एवढं केलं, तू एवढं कर."

संध्याकाळपर्यंत दोघींनी ती गोधडी पुन्हा शिवली. गुलाबी तुकडेही पुन्हा आतच घातले. भावजयीनंच म्हटलं, राहू दे तिथंच. गुंड्याच्या नजरेला पडू नये म्हणून तिनं गोधडी गादीच्या वळकटीत आत गुंडाळली.

सकाळी गाडी दाराशी आली. सामान चढलं. आक्का उंबऱ्यात उभी होती, चौकट धरून. गुंड्या घुटमळला. त्याचा श्वास आक्काला ऐकू येत होता. तो काहीतरी बोलणार होता, तोंड उघडत होता... "आक्का, एकदा माझ्याकडे बघून सांग..."

"चला!" भावजय जोरात ओरडली. "काय बोलायचंय हिच्याशी? माझ्या लेकरावर कात्री चालवली हिनं! मला हिचं तोंडसुद्धा बघायचं नाही... चला म्हणते ना!"

तिचा आवाज चिरकला. गुंड्याला तो संताप वाटला. आक्काला मात्र त्यातला हुंदका ऐकू आला, आणि मनातल्या मनात ती म्हणाली, शाबास पोरी, शाबास.

पावलं गेली. गाडीचं दार वाजलं. आवाज लांब लांब होत गेला आणि मग गार वाऱ्याशिवाय रस्त्यावर काही उरलं नाही. मास्तर दुकानातून बाहेर येऊन केव्हाचे तिच्या शेजारी उभे होते.

"मास्तर," आक्कानं विचारलं, "त्यानं मागं वळून पाहिलं का हो?"

मास्तरांनी घसा खाकरला. "पाहिलं ना! पाहिलं तर. वळणापर्यंत काचेतून बघतच होता."

"बरं झालं," आक्का म्हणाली, आणि चौकट चाचपत आत गेली.

घरासमोरचा रस्ता नजर पोचेल तिथपर्यंत नाकासमोर सरळ जात होता. त्याला वळण नव्हतंच.