अंथरुणांची मोजणी

"तुझ्या आत्याला सांग," वेल्डर आपल्या थोरल्या लेकीला म्हणाला, "यादी लागली. शेजारच्यांना घर मिळालं, समोरच्यांना मिळालं, आपल्याला नाही. आणि आपल्या घराची नोंद कुणी केली होती, तेही विचार तिला."

आत्या हातभर अंतरावर बसली होती. पोरीने पुन्हा सांगायची काही गरज नव्हती... पण दोन खोल्यांत पाच माणसांनी राहायचं आणि वर अबोलाही धरायचा, म्हणजे असा मध्यस्थ लागतोच. त्या संध्याकाळी धरलेला अबोला पुढे चार वर्षं टिकला.

त्याचं असं झालं होतं. वेल्डरची थोरली बहीण, जिला सगळे ताईच म्हणत, नगररचना कार्यालयात सर्वेक्षक होती. नव्या वसाहतीसाठी गरजूंची मोजणी निघाली आणि नियम एका ओळीचा होता: चूल वेगळी, तर कुटुंब वेगळं, एका छताखाली दोन चुली दिसल्या, की दुसऱ्या कुटुंबाला घर. झालं! दोन दिवसांत गल्लीतल्या घराघरांत कोपऱ्यात दुसरी शेगडी उगवली. वेल्डरच्या बायकोने, म्हणजे ताईच्या भावजयीनेही माहेराहून एक मागून आणली. मोजणीला ताईचा सहकारी आला होता. तो दारातूनच शेगड्या मोजत गेला आणि ताईच्या घरापाशी आल्यावर मानाने तिच्याच हातात वही देऊन म्हणाला, "तुमचं घर तुम्हीच लिहा, ताई."

ताईने त्या शेगडीकडे पाहिलं. तिला ना नळी, ना काजळीचा डाग. तिने लिहिलं, चूल एक.

"साऱ्या गल्लीचं खोटं चाललं," भावजय रडत म्हणाली, "आपलंच तेवढं खुपलं तुम्हाला?"

"हात धजला नाही गं," ताई एवढंच म्हणाली.

आईवडील गेले तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि भाऊ आठ. त्याला लहानाचा मोठा करण्यात तिच्या लग्नाचं वय कधी निघून गेलं, ते तिलाही कळलं नाही. ज्याच्यासाठी आयुष्य वेचलं, त्याने तोंड फिरवावं... तिचं अंतःकरण विदीर्ण झालं होतं. पण त्याहूनही एक गोष्ट तिला जास्त छळत होती. आपण लिहिलं ते खरं होतं, तरी ते खोटंच होतं! घरात चूल एक होती, कारण दुसरी मांडायला जागाच नव्हती. मग हा कसला नियम, जो खऱ्या गरजूला वगळतो आणि उसन्या शेगडीला घर देतो?

ती थेट मुख्य साहेबांकडे गेली. "चुली नका मोजू, साहेब. अंथरुणं मोजा. पहाटे पाचला जायचं, घड्या घालायच्या आत. माणूस किती जागेत झोपतो, ते लपवता येत नाही."

साहेब हसले. "गाद्या मोजायला पगार देतं का सरकार?"

"मग बिनपगारी मोजते," ताई म्हणाली.

आणि बाई खरोखरच मोजत सुटली! दोन वर्षं रोज पहाटे, कामावर जायच्या आधी, पायी. एकाच गादीवर पाळीपाळीने झोपणारे दोन गिरणी कामगार तिने लिहिले. दार उघडलं की जिला उठावंच लागे, अशी उंबऱ्याशी निजणारी म्हातारी लिहिली. सुरुवातीला लोकांनी तिला वेड्यात काढलं, पुढे तेच तिची वाट पाहू लागले. अशी चिकाटी पाहिली, की हात आपोआप जोडले जातात.

शेवटी साहेब हरले. तिच्या वह्यांवरून नियम बदलला आणि वसाहतीचे नकाशेही बदलले. घरं लहान, पण प्रत्येक घरात निजायला दोन वेगळ्या खोल्या.

"आता बांधायचंही तुम्हीच," साहेब म्हणाले. "तुम्हाला प्रकल्पप्रमुख करतोय."

ताईने आदेश शेवटपर्यंत वाचला. शेवटचं कलम होतं: प्रमुखाच्या सख्ख्या भावंडांना घरासाठी अर्ज करता येणार नाही. कलम योग्यच होतं, तिने स्वतः तेच लिहिलं असतं. पण जिचं स्वप्न तिने दोन वर्षं उराशी धरलं होतं, ती वसाहत आता दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर उभी राहणार होती...

"मला नळजोडणीच्या खिडकीवर बसवा," ती शांतपणे म्हणाली. "आणि कारण माझ्या घरी कळू देऊ नका."

घरी कळलं ते एवढंच, की ताईला खालच्या जागेवर बसवलं. "तुझ्या आत्याला सांग," वेल्डर पोरीला म्हणाला, "मोठ्या खरेपणाचं बक्षीस मिळालं म्हणावं." ताई पोरीची वेणी घालत राहिली.

वसाहत उभी राहिली. वेल्डरचं नाव यादीत लागलं. किल्ली घ्यायला तो गेला, तेव्हा कारकुनाने सहीसाठी एक कागद पुढे केला: प्रकल्पप्रमुख माझे कुणी लागत नाहीत.

"नशीबवान आहात," म्हातारा कारकून सहज बोलून गेला. "बहिणीने ती खुर्ची घेतली असती, तर या कागदावर सही करता आली नसती तुम्हाला. त्यांनी ती का सोडली, ते आम्हा जुन्या माणसांना ठाऊक आहे."

वेल्डरने सही कशी केली, त्याचं त्यालाच ठाऊक.

त्याच दुपारी नळजोडणीच्या खिडकीवर रांग होती. नव्या घराचा एक अर्ज आत सरकला. ताईने मान वर न करता विचारलं, "राहणारी माणसं किती?"

"पाच."

आवाज ओळखीचा होता. तिने वर पाहिलं. भावाचे डोळे लाल झाले होते.

"चार," ती हळूच म्हणाली. "मी जुन्याच जागेत राहीन. तुम्ही चौघं नीट हातपाय पसरून..."

"ताई," चार वर्षांनी तो पहिल्यांदा थेट तिच्याशी बोलत होता. "मी तुला काय काय ऐकवलं... आणि तू एका शब्दाने बोलली नाहीस. अगं, साऱ्या गावाची अंथरुणं मोजलीस. तुझं एक मोजायचं राहिलंच की."

रांगेतलं कुणीतरी मागून कुरकुरलं. ताईने पदराने डोळे टिपले, पेन उचललं आणि रकान्यात पाच लिहिलं.