भिजलेल्या सुटकेसचं भांडण

"इसमें हम कुछ नहीं कर सकते, मॅडम."

काउंटरमागच्या तरुणाने हे वाक्य तिसऱ्यांदा म्हटलं आणि निवेदिताचा तोल गेला. तिने सुटकेस उचलली अन् सरळ काउंटरवर उपडी केली. लाल रंग पांढऱ्यात उतरलेला, निळ्याचे ओघळ हळदीवर... तिने हाताने रंगवलेल्या सगळ्या रेशमी साड्या त्याच्या टेलिफोनवर पसरल्या, एकीचा पदर तर चहाच्या कपातच पडला.

"मेला दगडच बसवलाय इथे!" ती पुटपुटली.

"दगडाला मराठी येतं," तो म्हणाला. आणि चहातला पदर त्याने इतक्या जपून बाहेर काढला, की तिला क्षणभर हसूच आलं. हसू आलं म्हणून ती आणखी चिडली.

त्याचं नाव रजत. जुनी इंदूर भागातला. नव्यानेच सुरू झालेल्या एका खासगी विमान कंपनीत लागलेला. तिचं घर राजेंद्र नगरात. वडील, कृष्णराव, मिलच्या रंगखात्यात होते... म्हणजे मिल होती तोवर. मिलला कुलूप लागल्यापासून ते गेटवर जायचे, "विचार चालू आहे" एवढं ऐकायचे आणि मान खाली घालून परत यायचे. त्यांच्या वाटचा राग निवेदिताच करायची. त्यांनीच शिकवलेल्या रंगांवर तिने साड्यांचं काम उभं केलं. दिल्लीच्या प्रदर्शनाचं बोलावणं आयत्या वेळी आलं, म्हणून घरातलं पहिलं विमानाचं तिकीट काढलं. ती दिल्लीला पोचली, सुटकेस नाही. सुटकेस आली तेव्हा प्रदर्शन आटोपलं होतं, आणि झाकण उघडताच आतून पाणी ठिबकलं.

"नुकसानभरपाई मिळेल," रजत आवाज खाली आणून म्हणाला, "पण नियमाप्रमाणे. बॅगेच्या वजनावर."

"वजनावर? साड्या आहेत अहो त्या, रद्दी नाही!"

"कळतंय मला."

"कळतंय तर मग तुमच्या साहेबांना सांगा!"

त्याने सांगून पाहिलं होतं. साहेबांचं म्हणणं होतं, विचार चालू आहे. तेच शब्द! निवेदिताच्या कानशिलांत रक्त चढलं. मी बाबांसारखी परत जाणार नाही, तिने ठरवलं.

ती दर शुक्रवारी जाऊ लागली. तो तिच्यासाठी पंख्याखाली खुर्ची सरकवायचा. ती बसायची नाही.

"बसलं की माणूस ऐकून घ्यायला लागतं. मी ऐकवायला आलेय."

"ऐकवा ना," तो म्हणायचा. "माझी सुट्टी शुक्रवारची होती. बदलून घेतली."

"भांडण ऐकायला?"

"तुम्ही गेलात की... ऑफिस फार शांत वाटतं."

ती फणकाऱ्याने वळायची. पण घरी जायला सवाऱ्यांच्या टेंपोत बसल्यावर ओढणीचं टोक उगाचच बोटाला गुंडाळत राहायची. एकदा त्याने पणजोबांच्या गोष्टी सांगितल्या, होळकरांच्या घोडदळातल्या. ती राग विसरून चक्क ऐकत उभी राहिली, आणि तिच्या कपाळावर आलेल्या बटेकडे बघता बघता त्याची गोष्टच अर्धी राहिली.

श्रावणातल्या एका दुपारी छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत ती भुट्ट्याचा कीस घेऊन उभी असताना तो समोर आला. ओला, कावराबावरा.

"एक सांगायचं होतं. बॅग... तुमची बॅग मीच उतरवली होती."

"काय?"

"साहेबांनी सांगितलं. एका बड्या व्यापाऱ्याची पार्सलं चढवायची होती. तुमची बॅग उघड्या ट्रॉलीवर राहिली. पाऊस आला. मी ताडपत्री आणायला धावलो, पण—"

कीस तिच्या हातात तसाच निवत राहिला.

"मी दर आठवड्याला घसा फोडत होते आणि तुम्ही मला पंख्याखाली बसवत होता!"

"नोकरी आहे, निवेदिताजी. घरी आई आहे, बहिणीचं लग्न व्हायचंय..."

"मी ग्राहक मंचात तक्रार करणार आहे. तिथे सांगाल हे?"

तो ओला रुमाल पिळत राहिला.

"पणजोबा घोड्यावर," ती म्हणाली, "आणि पणतू साहेबाच्या टेबलाखाली!" ती तरातरा निघून गेली. रस्ताभर डोळे पुसत राहिली, आणि तेवढ्याचाही तिला संताप आला.

सुनावणीला कृष्णराव इस्त्रीचा शर्ट घालून तिच्याबरोबर आले. "बेटा, मोठ्या लोकांशी कशाला..." असं वाटेत दोनदा म्हणालेही. कंपनीचे वकील उठले. बॅग नीट हाताळली होती, ते म्हणाले, बाईंचे रंगच कच्चे होते.

"खोटं!"

निवेदिताने चमकून पाहिलं. कृष्णराव उभे होते. मिल बंद पडली तेव्हाही हा आवाज निघाला नव्हता.

"हो, खोटं आहे," मागून कुणीतरी म्हणालं. दारात रजत होता. "बॅग मी उतरवली. साहेबांच्या हुकुमावरून. पावसात उघड्यावर पडली होती, मी पाहिलंय."

पुढच्या तारखेला निकाल लागला. वजनावर नाही, साड्यांच्या किमतीवर भरपाई द्या, असा.

बाहेर पायऱ्यांवर रजत तिची वाट बघत होता.

"नोकरी गेली," तो म्हणाला. "महूला एका शाळेच्या ऑफिसात मिळतेय."

"मला अजून राग आहे तुमचा."

"किती?"

"इतका की..." ती अडखळली, कानापर्यंत लाल झाली. "इतका की आता दुसऱ्या कुणावर मला रागावताच येणार नाही."

त्याला ते समजायला जरा वेळ लागला. समजलं तेव्हा तो एक पायरी चुकला.

"म्हणजे... मी रोज महूहून येऊन ऐकून घेऊ?"

"रोज. आणि वेळेवर. तुझ्या विमानातल्या सामानासारखा नको."

"तुझ्या?" तो म्हणाला.

तिने मान वळवली. रस्त्याच्या कडेला कृष्णरावांनी टेंपो थांबवला होता आणि जास्तीचं भाडं मागितलं म्हणून ते टेंपोवाल्याशी तावातावाने भांडत होते. "कमाल करते हो भिया, अंधेर है क्या?" त्यांचा आवाज पार चौकापर्यंत जात होता. निवेदिता बघतच राहिली, मग खळखळून हसली, आणि रजतचा हात धरून त्यांच्या बाजूने भांडायला धावली.