बंद न पडलेली गाडी

चढ संपता संपता गाडीने एक आचका दिला, दुसरा दिला... आणि गप्प! मागे हॉर्नचा नुसता गोंधळ. मी स्टीअरिंगवर कपाळ टेकवलं. "अगं मेले, आत्ताच? इथेच?"

काचेवर टकटक झाली. पांढराशुभ्र शर्ट घातलेला एक तरुण वाकून आत बघत होता. चांगलंच वाकावं लागत होतं त्याला, कारण माझी गाडी इटालियन, जुनी, लालभडक, आणि उंचीला जेमतेम कमरेएवढी.

"बाई, नेमकी माझ्या दुकानाच्या दारात लावायची होती का?"

"लावली नाही हो, बंद पडलीय!"

"इतकी देखणी... आणि बंद पडते?"

"देखणं असलं की नखरे आलेच," मी ताडकन म्हणाले. त्यावर त्याने माझ्याकडे असं काही पाहिलं, की — शी! मी गाडीबद्दल बोलत होते हो!

तो मदतीला म्हणून पुढचं झाकण उघडायला गेला. "अहो, तिकडे काय? हिचं इंजिन मागे असतं, सीटच्या पाठीमागे. पुढे नुसती स्टेपनी!" मी अशी ओरडले, जसं काही शाळेत पोराला झापतेय. बिचारा मुकाट मागे गेला. दोन गिऱ्हाइकं हाताशी घेऊन त्याने गाडी कडेला ढकलली, आणि वळला तेव्हा त्या पांढऱ्या शर्टावर काळ्याकुट्ट तेलाचा हा एवढा पट्टा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"डाग काढणं हाच धंदा आहे माझा," तो हसून म्हणाला. मग मला वर पाटी दिसली — ड्रायक्लीनिंग. त्याने आतून खुर्ची आणून दारात ठेवली. गरम इस्त्रीचा, वाफेचा वास येत होता. मी बसले... आणि उगाचच पदर नसताना पदर सारखा केल्यासारखं केलं.

गाडी खरं तर मामाची. मामाचे गुडघे गेले. एकदा तो तिच्यात बसला तो बसलाच, बाहेर काढायला दोघं लागले. त्या दिवशी त्याने किल्ली माझ्या हातात ठेवली. बाबा म्हणाले, "पांढरा हत्ती आणलास घरी." मी म्हटलं, "लाल आहे." पण त्यांचं काय चुकलं? डावीकडे वळलं की हॉर्न आपोआप वाजायचा आणि पुढचा माणूस मला शिव्या द्यायचा. पाऊस आला की टपातून बरोब्बर माझ्याच मांडीवर थेंब. एखादा भाग मागवला की तो बोटीने महिनोन्महिने यायचा, आणि आल्यावर कळायचं, हा नव्हेच! पण सकाळी रस्ता मोकळा मिळाला, तिसरा गिअर पडला, आणि कानामागे तो आवाज चढायला लागला ना... सगळं माफ व्हायचं तिला.

त्या खुर्चीतूनच फोन लावला, तर मामा म्हणाला, "चढावर तापते ती. पेट्रोलची नळीतच वाफ होते. काही करू नकोस, थोडा वेळ रुसू दे."

ती रोज संध्याकाळी रुसू लागली. माझा दातांचा दवाखाना चढाच्या खालच्या अंगाला आणि घर पलीकडे, त्यामुळे सुटका नव्हती. ढकलायला यायचे ते निम्मे माझेच पेशंट. कवळीवाले आजोबा तर ढकलता ढकलता विचारायचे, "डॉक्टर, खालचा हलतोय, उद्या येऊ का?" गल्लीने माझं नाव ठेवलं धक्का मॅडम. ऐकलं की कानाच्या पाळ्या तापायच्या.

"आज उशीर केलात," एकदा तो खुर्ची मांडत म्हणाला.

"मी केला? तिने केला."

"तिला सांगा, इथे कुणीतरी वाट बघतं."

"कोण?"

"...खुर्ची," तो म्हणाला, आणि घाईघाईने आत जाऊन कुणाच्या तरी कोटाला इस्त्री करू लागला. त्याच त्या बाहीवरून चारदा इस्त्री फिरली. मी मोजली नाही, दिसलं आपलं.

आणि मग मामाच्या जुन्या मेकॅनिकने घात केला. त्याने नळी इंजिनापासून लांबून फिरवली, वर जाड वेष्टण गुंडाळलं आणि म्हणाला, "ताई, आता बिनधास्त!"

त्या संध्याकाळी गाडी चढ अशी चढली, की काय सांगू! लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुकानाच्या दारात तो उभा होता, खुर्ची दोन्ही हातांत उचललेली. मागे बस होती, पुढे रस्ता मोकळा. मी... गेले पुढे. आरशात तो तसाच उभा दिसला.

थांबता आलं नसतं का? आलं असतं. पण काय सांगून? चांगली चालती गाडी सोडून दुकानात शिरायचं, म्हणजे सगळ्या गल्लीला कळणार! दुसऱ्या दिवशी लाजले, तिसऱ्या दिवशी आणखी लाजले, आणि मग इतके दिवस गेले की आता कुठल्या तोंडाने थांबायचं, असं झालं.

एके दिवशी कवळीवाले आजोबा खुर्चीत आ वासून पडले होते. गालात कापूस, तरी बोलणं चालूच. "तो ड्रायक्लीनर चालला की हो परगावी! मोठ्या हॉटेलात नोकरी लागली. सोमवारी निघतोय."

माझा हात थांबला. आजोबा घाबरून म्हणाले, "फार खराब आहे का हो?"

"फारच," मी म्हटलं.

शनिवारी चढ संपला तिथे मी किल्ली फिरवून गाडी बंद केली. गाडी कशी रुसते ते मला पाठ होतं, म्हणून त्याआधी दोन आचकेसुद्धा दिले. उतरले, कपाळावर आठ्या आणल्या, झाकण उघडून आत डोकं घातलं आणि कमरेवर हात ठेवून च्यक् च्यक् केलं. तो आला. माझ्या शेजारी वाकला. आत बराच वेळ बघत राहिला.

"आज स्टेपनी बंद पडलीय का?"

मी खाली पाहिलं. स्टेपनी. तिच्याशेजारी माझा जेवणाचा डबा. गडबडीत मी पुढचंच झाकण उघडलं होतं!

कोणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळी गल्ली हसली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. मी धाडकन झाकण आपटलं, आत शिरले, किल्ली फिरवली. आणि जी गाडी आयुष्यात कधी चार झटक्यांशिवाय सुरू झाली नव्हती, ती सटवी पहिल्या झटक्यात गरजून उठली! आता तर काही सांगायलाच उरलं नाही. डोळ्यांत पाणीच आलं माझ्या.

तो खिडकीशी वाकला. "गाडी बंद पडली नव्हती."

"नव्हती!" मी ओरडलेच. "तुमच्यासाठी थांबले. तुम्ही मला आवडता. सोमवारी निघालात म्हणून हे सोंग केलं, आणि तेही धड जमलं नाही. हसायचंय ना? हसा एकदाचे!"

तो हसला नाही. त्याचे कान लाल झाले होते.

"तुम्ही न थांबता गेलात त्या दिवशी मी खुर्ची घेऊन उभा होतो," तो हळूच म्हणाला. "तेव्हा गल्ली मला हसली. रोज कोणी ना कोणी विचारायचं, खुर्ची विकायची का? दारात उभं राहायची लाज वाटायला लागली मला... म्हणून हॉटेलला हो म्हटलं."

मागे हॉर्न सुरू झाले.

"मग... आता?" मी विचारलं.

"आता हॉटेलला नकार कळवतो. पण विचारतील, का म्हणून."

"खरं सांगा."

"काय? की एका डॉक्टरीणबाईंनी स्टेपनीत डोकं घालून —"

"तेवढं सोडून!"

तो वळसा घालून पलीकडे गेला, दार उघडलं, आणि गुडघे हनुवटीला लावत कसाबसा आत बसला. बाहेर आजोबांसकट सगळे काचेला नाक लावायचेच बाकी होते.

"चला ना लवकर," तो कुजबुजला. "सगळे बघताहेत."

माझे गाल अजून तापलेले होते. पण मी गिअरवरचा हात काढून त्याच्या हातावर ठेवला.

"बघू देत," मी म्हणाले.