म्हातारीचा कापूस

वीज गेली की हातगाडीवाले काका आम्हा पोरांना ही गोष्ट सांगत. आधीच बजावत, "ऐकीव नाही रे. ती गादी मीच वाहून नेली होती."

झालं ते असं. एका बाईची आई वारली. आईची गादी पिंजून नवी करायची होती, बाईच्या लेकीच्या बाळंतपणाला. काकांनी ती गादीवाल्याकडे पोचवली. गादीवाला, त्याची बायको आणि तिचा धाकटा दीर. एका खोलीचं दुकान. दिवसभर लोकांच्या गाद्या शिवायच्या आणि रात्री त्याच फरशीवर चटई टाकायची.

बायकोनं खोळ उसवली. कापसातून पुरचुंडी निघाली. आत सोन्याच्या आठ बांगड्या.

"परत देऊन टाकू," नवरा म्हणाला.

"देऊ की! आणि जन्मभर लोळू चटईवर."

दीर हसला. नवऱ्यानं पुरचुंडी पुन्हा बांधून ठेवली.

ज्याचा कापूस त्याच्याच खोळीत, हा या धंद्यातला नेम. बायकोनं तोही मोडला. म्हातारीचा मऊसूत कापूस पुरचुंडीसकट स्वतःसाठी नव्या गादीत घातला आणि गिऱ्हाइकाच्या गादीत उरलासुरला गाठाळ कापूस भरला.

बाई गादी न्यायला आली. "आत काही निघालं का हो? आई सारखी म्हणायची, गादीत माझं सगळं आहे."

"कापूस निघाला, ताई. दुसरं काय निघणार?"

त्या दिवसापासून घरातलं हसणं उडालं. दीर अर्ध्या वाट्यासाठी हटून बसला. आणि परत देऊ म्हणणारा तो नवरा? तो गादीवरून हलेना. जेवायचं ताटही तिथंच. एका दुपारी दीर कात्री घेऊन गादी फाडायला बसला. नवऱ्यानं त्याचा हात धरला. मग कात्री कुणाच्या हातात होती, कुणाच्या पोटात गेली... काका इथं थांबत.

नवरा गेला. दीर तुरुंगात. आणि बायकोनं रडण्याआधी सुई ओवली. पोलीस यायच्या आत फाटलेली गादी शिवून टाकली.

आठवडा लोटला. मंगळवारची रात्र, पावणेदोन. दाराला आतून कडी. ती गादीवर एकटी. डोळा लागत होता.

शेजारी गादी दबली.

"सरक गं जरा."

ती सरकली. सवयीनं.

मग आठवलं... सरक म्हणणारं घरात कुणी उरलंच नव्हतं.

आवाज बाईचा होता. थकलेला. म्हातारा.

"ने... ने तुझं सोनं..." गादीवाल्याची बायको पुटपुटली.

गादी आणखी दबली.

"सोनं काय करू? पाठ टेकायचीय मला."

...

सकाळी दार उघडेना, म्हणून काकांनी शेजाऱ्यांना घेऊन कडी तोडली. ती फरशीवर, भिंतीला चिकटून. एवढं सांगितलं तिनं. पुढं बोलली नाही. कधीच नाही.

गादीतल्या बांगड्या म्हातारीच्या लेकीला पोचत्या झाल्या. गादी कुणी घेईना. काकांनी ती मागच्या बोळात, सावलीत, भिंतीला उभी करून ठेवली. नऊ दिवसांनी हलवायला गेले. मधोमध खळगा होता. लहानखुऱ्या बाईएवढा.

काकांनी हात लावला.

उबदार.