उशिरानं वाचलेला माणूस

सात ते आठ फिजिक्स, आठ ते नऊ केमिस्ट्री. क्लासच्या वेळापत्रकात हे ठळक लिहिलं होतं. तरीही नव्यानं रुजू झालेली सुकन्या आठ वाजून गेल्यावरही व्हरांड्यातच उभी होती. आत कुणीतरी रंगात येऊन शिकवत होतं, मुलं हसत होती, आणि बाहेर श्रावणातली भुरभुर तिच्या नोट्सच्या कडा भिजवत होती.

आठ वीसला दार उघडलं. खडूनं पांढरे झालेले हात, विस्कटलेले केस, आणि चेहऱ्यावर अपराधीपणाचा लवलेशही नसलेलं हसू…

“तुम्ही नव्या मॅडम ना? मी अमरनाथ. जरा उशीर झाला.”

“जरा?”

“वीसच मिनिटं हो.”

“आत दीडशे मुलं आहेत, सर. दीडशे गुणिले वीस… पन्नास तास झाले.”

तो बघतच राहिला. “तुम्हाला केमिस्ट्रीसाठी घेतलंय की गणितासाठी?”

“आधी आत तर जाऊ द्या, मग मुलांनाच विचारा!”

भूकंपाला तेव्हा सहा वर्षं होत आली होती आणि लातुरात क्लासेसचं अमाप पीक आलं होतं. गावोगावची मुलं इथं खोल्या करून राहत, पहाटे पाचपासून सायकली दामटत. नऊला त्यांना कॉलेज गाठायचं असे, म्हणून सुकन्याला नऊच्या पुढे एक मिनिटही मिळत नसे. अमरनाथ सात वीसला उगवायचा, आठ वीसला थांबायचा, आणि कात्री लागायची ती तिच्या तासाला.

चिडावं म्हटलं, तर हा माणूस चिडू देईल तर ना! तिच्यासाठी कॅन्टीनमध्ये चहा सांगून ठेवायचा, आणि स्वतः तो निवल्यावर यायचा. उदगीरच्या पेठेत वडिलांचं दुकान आठाच्या ठोक्याला उघडताना बघत सुकन्या वाढलेली. असल्या माणसाच्या वाऱ्यालाही उभं राहू नये, असं ती स्वतःला रोज बजावायची आणि रोज त्याच टेबलाशी जाऊन बसायची. आता मनाला घड्याळ कोण बांधणार?

एकदा तिनं विचारलंच, “तुम्हाला वेळेचं वावडं आहे का हो?”

त्याचं हसू मावळलं.

“गणपती विसर्जनाच्या दिवशी इथं मित्रांत रमलो अन् गावाकडची शेवटची एसटी हुकली. पहाटे भूकंपात गाव पडलं. घर उरलंच नाही… अव्वा माझी वाट बघत बाहेर वट्ट्यावर बसली होती, म्हणून तीपण वाचली. उशीर झाला म्हणून आम्ही मायलेकरं आहोत, सुकन्या. मी उशिराला वाईट कसं म्हणू?”

पहिल्यांदाच त्यानं तिला मॅडम म्हटलं नव्हतं. त्याच्या बोटांवर तिनं हलकेच हात ठेवला… आणि कुणी बघेल म्हणून लगेच काढूनही घेतला.

दिवाळीनंतर क्लासची शाखा नांदेडला निघाली आणि सुकन्याला तिकडे बोलावणं आलं. सोमवारी हो की नाही ते कळवायचं होतं.

“जाऊ नकोस,” अमरनाथ म्हणाला. “रविवारी अकराला घरी ये. अव्वासमोरच काय ते विचारतो.”

“अकरा म्हणजे अकरा?”

“अकरा म्हणजे अकरा!”

साडीच्या निऱ्या तीनदा मोडून, तीनदा घालून सुकन्या पाच मिनिटं आधीच पोचली. अमरनाथची आई कमलम्मा उंबऱ्यात बसल्या होत्या. तो पेढे आणायला गेला होता. अकराचे साडेअकरा झाले, बारा झाले… पेढे काय, पेढेवाला दुकानासकट आणता आला असता.

“मावशी, ऊन आलंय. आत बसा ना.”

“न्हाई पोरी. त्यो येईस्तोवर मला आत बसवत न्हाई.”

“रोज?”

“रोज. सहाला येतो म्हनतो, कधी आठाला येतो, कधी नऊला. तोवर मी हितंच. घास उतरत न्हाई बघ.” त्या खाली मान घालून बोलत होत्या. “लोक म्हनत्यात, पोराच्या उशिरानं वाचलीस. वाचले, खरं हाय. पर त्या राती मला काय ठावं होतं? पोराचं काय बरंवाईट झालं असंल, म्हनून देवाला हाका मारत बसलेली मी. ती रात लई वाईट गेली. अन् ह्यो मला रोज तिथंच नेऊन बसवतो.”

“तुम्ही त्यांना कधी सांगितलं नाहीत?”

“कसं सांगू? हसत येतो बिचारा.”

सुकन्यानं मान वर केली, तर फाटकाशी अमरनाथ उभा. पेढ्यांचा पुडा हातात तसाच. त्यानं सगळं ऐकलं होतं.

“अव्वा… मला वाटायचं, तुला दारातली हवा आवडते.”

कमलम्मा गडबडून उठल्या आणि चहाचं निमित्त करून आत गेल्या. दोघंच उरले.

“विचारू?” त्यानं पुडा तिच्यापुढे धरला.

“आज नको.” तिच्या डोळ्यांत पाणी होतं. “मी नांदेडला जातेय. रागावून नाही… तुम्ही मला आवडता. खूप आवडता. म्हणूनच भीती वाटते. उद्या या उंबऱ्यात मी बसलेली असेन, आणि तुमचं हसू बघून मीही गप्प राहीन.”

तिनं पायांत चपला घातल्या आणि ती निघाली.

नांदेडला घरमालकीण भामाबाईंकडे फोन होता. त्याचा नंबर अमरनाथला ठाऊक होता. पण पौष गेला, माघ सरत आला, तरी फोन नाही की पत्र नाही. आपणच निघून आलो ना, मग आता कशाची वाट बघतोय, असं म्हणून ती स्वतःवरच चिडायची. आणि फोन वाजला की सगळ्यांत आधी तिचेच कान टवकारायचे.

एका संध्याकाळी भामाबाईंनी हाक मारली.

“पोरी, कमलम्मा बोलायले. बूथवरनं.”

“मावशी! सगळं बरं आहे ना?”

“बरं हाय. तू गेल्यापास्नं अमर सहाच्या ठोक्याला घरी येतो. क्लासलाबी येळेवर जातो म्हनं. मीच त्याला म्हनलं, नुस्तं फोनवर बोलू नगंस, आधी करून दाव.” कमलम्मांना जरा धाप लागली होती. “आज शेजारची पार्वतम्मा म्हनली, अगं, हल्ली तू दारात दिसत न्हाईस? तवा माझ्या ध्यानात आलं. मी आत भाकरी थापायले होते. वाट बघायची इसरूनच गेले बघ, पोरी!”

सुकन्यानं पदरानं डोळे टिपले.

“ते… आहेत का तिथं?”

“बाहीर उभा हाय. देऊ?”

“द्या… नको, थांबा. त्यांना म्हणावं, मी रविवारी पहिल्या गाडीनं येतेय. आणि त्यांना जे विचारायचं होतं ना… त्याचं उत्तर हो आहे.”

“अमर, हो म्हनती रं!” कमलम्मा रिसीव्हर तोंडाशी धरूनच एवढ्या मोठ्यानं ओरडल्या, की स्वयंपाकघरातून भामाबाई काय झालं म्हणून धावत आल्या. सुकन्या हसतही होती आणि रडतही होती.